घरचे शास्त्र : जुना संगणक उठत नाही तेव्हा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत गेल्या काही महिन्यांपासून एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत वाचावयास मिळते. कोणी लिहितात, 'बटण दाबले की पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो.' कोणी लिहितात, 'चिन्ह उमटते, क्षणभर थांबते आणि पुन्हा पहिल्यापासून सारे सुरू होते.' एका भगिनींनी तर 'आमचा संगणक दर वेळी १ जानेवारी २००९ ही तारीख दाखवून रुसून बसतो' असे कळवून विचारले आहे की, एवढ्या जुन्या यंत्रावर खर्च करावा, की ते सरळ भंगारात द्यावे?

प्रश्न रास्त आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीने 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि तिच्या पुढची 'विंडोज ११' ही प्रणाली जुन्या यंत्रांपैकी पुष्कळांवर अधिकृतपणे चढत नाही. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने घेतलेली यंत्रे आज माळ्यावर जाऊन बसली आहेत. यंत्र म्हणून त्यांची किंमत फारशी उरलेली नाही, हे मान्य करावयास हवे. परंतु त्या डब्यात केवळ यंत्र नसते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या बाबतीत तर त्यात वडिलांनी जुळविलेली वंशावळ असते, मंडळाच्या गणेशोत्सवाचे जमाखर्च असतात, सभांची इतिवृत्ते असतात, आजीने सांगितलेल्या आणि नातीने टिपून घेतलेल्या ओव्या असतात. पुण्या-मुंबईत एखादा मजकूर हरवला तर त्याची दुसरी प्रत कोणाकडे तरी सापडण्याचा संभव असतो. आपल्याकडे बहुधा ती एकच प्रत असते.

म्हणून आरंभीच एक सूत्र सांगून ठेवतो : आधी लिहिलेले वाचवावे, मग यंत्राचा विचार करावा. पुढील सर्व विवेचन या सूत्राच्या आधारानेच वाचावे.

संगणक सुरू होण्याच्या क्रियेस 'बूट होणे' म्हणतात. या शब्दाचा उगम मोठा गमतीचा आहे. उंच बुटांच्या मागे ते ओढून चढविण्यासाठी एक पट्टी असते. त्या पट्टीला धरून स्वतःलाच वर उचलणे, म्हणजे आपल्या भाषेत आपलीच शेंडी धरून आपल्याला उचलणे, असा त्या शब्दामागील भाव आहे. संगणकापुढील पेच अगदी असाच असतो. डिस्कवरील आज्ञावली वाचण्यासाठी त्याला एक आज्ञावली लागते. मग ती पहिली कोठून यावी? यावर तोडगा असा की, मदरबोर्डवरील एका छोट्या चिपमध्ये थोड्याशा सूचना कायमच्या लिहून ठेवलेल्या असतात. त्यांना 'बायॉस' म्हणतात.

शाळा भरण्याचे उदाहरण घेतले तर हे चटकन ध्यानात येईल. सकाळी सर्वांआधी शिपाई येतो. फाटक उघडतो, वर्ग जागेवर आहेत की नाहीत ते पाहतो, घंटा देतो. मग मुख्याध्यापकांची खोली उघडते, हजेरीपुस्तके बाहेर येतात, शिक्षक वर्गावर जातात आणि शाळा सुरू होते. बायॉस हा तो शिपाई. तो प्रथम प्रोसेसर, स्मृती, कळफलक यांची हजेरी घेतो. मग आपल्या टिपणवहीत लिहिलेल्या क्रमाने डिस्ककडे जातो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत डिस्कच्या अगदी पहिल्या, अवघ्या ५१२ बाइटांच्या कप्प्यात एक चिठ्ठी असते. पुढची किल्ली कोठे आहे एवढेच तीत लिहिलेले असते. त्या किल्लीने विंडोजसारखी मुख्य प्रणाली जागी होते. साधारण २०१२ नंतरच्या यंत्रांत या व्यवस्थेचे रूप बदलले. पण क्रम तोच राहिला.

आता शाळा भरली नाही, तर आपण काय विचारतो? फाटकच उघडले नाही, की घंटा झाली पण शिक्षक आले नाहीत? संगणकाच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न प्रथम विचारावा : गाडे कोठे अडले?

बटण दाबूनही काहीच घडत नसेल, तर दोष विजेच्या वाटेवर असतो. भिंतीवरील खटका, तार, यूपीएस आणि डब्यामागील छोटा खटका ही चार ठिकाणे आधी पाहावीत. घरोघर ज्याला 'सीपीयूचा डबा' म्हणतात, त्याच्या आत वीज पुरविणारी एक लोखंडी पेटी असते. पंखा फिरतो म्हणजे ती पेटी ठीकच आहे, असे समजू नये. ती १२, ५ आणि ३.३ व्होल्ट असे निरनिराळे दाब पुरविते. त्यांपैकी एक ढासळला तरी पंखा फिरत राहील आणि यंत्र मात्र उठणार नाही. ओळखीच्या कोणाची चांगली पेटी तात्पुरती जोडून पाहणे ही सर्वांत सोपी परीक्षा होय. मात्र ती पेटी घरी कधीही उघडू नये. तार काढल्यानंतरही तिच्या आत काही काळ घातक विद्युत्भार राहू शकतो.

पंखा फिरतो पण पडदा काळा, अशी अवस्था असेल तर शिपाई हजेरीतच अडला आहे, असे समजावे. अशा वेळी यंत्र पुष्कळदा 'टूं टूं' असा आवाज करते. प्रत्येक कंपनीची सांकेतिक भाषा वेगळी असली, तरी पुन्हा पुन्हा येणारा लांब आवाज बहुधा स्मृतिपट्टीची, म्हणजे रॅमची, तक्रार असते. भिंतीतील तार काढावी, बटण पाच-दहा सेकंद दाबून धरावे, डब्याच्या उघड्या धातूला हात लावून अंगावरील स्थिर वीज जाऊ द्यावी आणि मग रॅमची पट्टी बाहेर काढावी. तिच्या सोनेरी कडेवर मळ धरला असेल, तर मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसावी, खोडरबराचा चुरा झटकून टाकावा आणि दोन्ही बाजूंचे चाप लागेपर्यंत पट्टी सरळ बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावे. पावसाळ्यानंतर न उठणारी कितीतरी यंत्रे एवढ्यावरच उठतात.

येथे आपल्या सुरतेचा विशेष सांगितला पाहिजे. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत यंत्रमागांच्या शेजारी वस्ती आहे. तेथील हवेत सुताची बारीक कुसे असतात. पंख्याने ती डब्यात ओढली जातात आणि प्रोसेसरवरील धातूच्या पात्यांमध्ये त्यांचा नमदा तयार होतो. त्यात समुद्राजवळचा दमटपणा आणि तापीकाठचा उन्हाळा यांची भर पडते. यंत्र सुरू होऊन मिनिटा-दोन मिनिटांत आपोआप बंद पडत असेल, तर पुष्कळदा ते उष्णतेने गुदमरलेले असते. तार काढून, पंख्याचे पाते बोटाने धरून, मऊ ब्रशाने ती कुसे काढावीत. त्याच वेळी मदरबोर्डवरील लहान नळकांड्यांकडे, म्हणजे कपॅसिटरांकडे, नजर टाकावी. त्यांची डोकी सपाट असावयास हवीत. ती फुगलेली किंवा पाझरलेली दिसली, तर ते काम कारागिराचे आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर सदोष कपॅसिटर मोठ्या प्रमाणावर वापरले गेले होते. त्या काळातील मदरबोर्डांत हा विकार वरचेवर आढळतो.

हजेरी झाली, पण 'ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आली, तर घाबरण्यापूर्वी यंत्राला एखादा पेन ड्राइव्ह लागलेला राहिला आहे का, ते पाहावे. शिपाई त्यालाच डिस्क समजून तेथे चिठ्ठी शोधीत बसलेला असतो. तसे नसेल तर डिस्कच्या दोन्ही तारा काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात. आणि डिस्कमधून 'टक्, टक्' असा एकसारखा आवाज येत असेल, तर तत्काळ यंत्र बंद करावे. फिरणाऱ्या तबकडीवरून वाचक-सुई अतिशय सूक्ष्म अंतर राखून तरंगत असते. ती बिघडल्यावर यंत्र वारंवार सुरू करून पाहणे म्हणजे लिहिलेल्या पाटीवर खिळा ओढण्यासारखे आहे. तेथे घरगुती उपाय चालत नाहीत. माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडेच ती डिस्क न्यावी.

आता त्या भगिनींच्या २००९ सालाविषयी. यंत्र बंद असतानाही घड्याळ चालावे आणि शिपायाची टिपणवही शाबूत राहावी, म्हणून मदरबोर्डवर एक बॅटरी बसविलेली असते. हिचे नाव सीआर २०३२. नावातच तिचे माप आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. कोणत्याही घड्याळवाल्याकडे ती अल्प किमतीत मिळते. यंत्र भिंतीतील विजेला जोडलेले असते तोवर या बॅटरीवर फारसा ताण पडत नाही. पण माळ्यावर गेलेल्या यंत्राची सारी मदार तिच्यावरच असते. साहजिकच वापरात नसलेल्या यंत्राची बॅटरी लवकर संपते. ती संपली की तारीख मूळपदावर जाते आणि टिपणवहीही कोरी होते. तारीख चुकीची असली की बँकेची आणि अन्य सुरक्षित संकेतस्थळेही उघडत नाहीत. कारण त्यांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात. बॅटरी बदलताना लिहिलेली बाजू वर ठेवावी, आणि जुनी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. ती गिळली गेल्यास जीवावर बेतू शकते.

परंतु बॅटरी बदलूनही यंत्र उठत नाही, असे पुष्कळदा घडते, आणि नेमक्या याच वळणावर चांगली डिस्क वाईट ठरविली जाते. याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. लिंबायत भागात माझे एक ज्येष्ठ स्नेही राहत असत. मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत त्यांची हयात गेली. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेल्या स्त्रियांच्या तोंडून अहिराणी ओव्या आणि लग्नगीते ऐकून ती उतरवून घेण्याचा त्यांना छंद होता. निवृत्तीनंतर त्यांनी तो सारा संग्रह संगणकावर टंकित केला. ते गेल्यावर चार-पाच वर्षे ते यंत्र झाकून ठेवलेले होते. पुढे त्यांच्या पत्नीने ते लावले, तर तारीख २००९ ची. पुढे गेल्यास विंडोजचे चिन्ह उमटे आणि यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. बाजारातील एका कारागिराने दोन मिनिटांत निर्णय दिला, 'फॉर्मेट मारवुं पडशे, माशी.'

वहिनींनी त्याला थांबविले आणि मला बोलाविले. "भाऊजी, फॉरमॅट म्हणजे यांचे लिहिलेले राहील ना?" एवढाच त्यांचा प्रश्न होता. उत्तर 'नाही' असे होते.

वस्तुतः डिस्कला काहीच झालेले नव्हते. बॅटरी संपल्याने टिपणवही कोरी झाली होती आणि त्यातील 'साटा मोड' नावाची नोंद 'एएचसीआय' वरून 'आयडीई' वर गेली होती. म्हणजे विंडोज ज्या पद्धतीने डिस्कशी बोलावयास शिकले होते, ती भाषाच बदलली. नवी बॅटरी बसविली, सुरुवातीला 'डिलीट' ची कळ दाबून टिपणवही उघडली, तारीख सुधारली, ती एक नोंद पूर्ववत केली आणि यंत्र उठले. ही नोंद या दोहोंत बदलून पाहिल्याने डिस्कवरील मजकूर पुसला जात नाही. पहिला पर्याय लागू पडला नाही तर दुसरा निर्धास्त पाहावा. मात्र 'रेड' नावाचा तिसरा पर्याय दिसला, तर त्याच्या वाटेस जाऊ नये.

कारागिराला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यापुढे वीस यंत्रे रांगेत असतात, आणि फॉरमॅट हा त्याच्या दृष्टीने हमखास उपाय असतो. डब्यात काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. ते आपणच सांगितले पाहिजे. 'यातील मजकूर हवा आहे. तो काढल्याशिवाय काहीही पुसू नका' हे वाक्य दुकानात यंत्र ठेवण्यापूर्वी स्पष्ट बोलावे, आणि पावतीवर लिहून घ्यावे.

यंत्र उठतच नसले, तरी मजकूर काढता येतो. डिस्क बाहेर काढून विशिष्ट तारेने दुसऱ्या संगणकाच्या यूएसबी खाचेला जोडता येते. टेबलावरील मोठ्या यंत्राच्या डिस्कला वेगळी वीजही द्यावी लागते. जोडल्यावर दुसरा संगणक कधी कधी स्वतःच विचारतो, 'ही डिस्क फॉरमॅट करू का?' तेव्हा नकारच द्यावा. दुसरा मार्ग म्हणजे पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली. हिचे अनेक प्रकार विनामूल्य मिळतात; आपल्याकडील सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेला 'बॉस' हा त्यांपैकीच एक. अशी प्रणाली सुरू झाल्यावर 'वापरून पाहा' या अर्थाचा पर्याय निवडावा, 'बसवा' हा नव्हे. तसेच, डिस्क आजारी असल्याची शंका असेल तर दुरुस्तीची आज्ञा आधी देऊ नये. प्रत आधी, दुरुस्ती नंतर.

वहिनींच्या घरी एवढ्यावर काम संपले नाही. ओव्यांच्या फायली नव्या लॅपटॉपवर उघडल्या, तेव्हा पडद्यावर मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसू लागली. मुलगी म्हणाली, "काका, फायली खराब झाल्या." त्या खराब झालेल्या नव्हत्या. युनिकोडची पद्धत १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली खरी, पण आपल्याकडील घरगुती आणि छपाईच्या कामात ती रुळावयास फार वर्षे लागली. तोपर्यंत मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवून चालत असत. फाइलीत प्रत्यक्षात इंग्रजी खुणाच असतात. तो विशिष्ट फाँट असेल तरच त्या मराठी दिसतात. सबब जुन्या यंत्रातून फायली काढताना 'विंडोज' या कप्प्यातील 'फाँट्स' हा कप्पाही अवश्य उतरवून घ्यावा. आम्ही तो घेतला, फाँट नव्या यंत्रावर बसविला, आणि ओव्या जशाच्या तशा दिसू लागल्या. पुढे तो मजकूर युनिकोडमध्ये बदलण्याची साधने मिळतात. पण प्रत्येक फाँटची मांडणी निराळी असल्याने त्याच फाँटसाठी केलेले साधन घ्यावे आणि नंतर मुद्रितशोधन करावे. रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे येथे हमखास चकवितात. अहिराणीसारख्या बोलीत तर मूळ उच्चार जाणणारी व्यक्ती शेजारी बसवूनच हे काम करावे.

फाँटविना वाचता न येणारी फाइल पाहिली की मोडी दप्तरांची आठवण होते. बडोद्याच्या गायकवाडी राज्याचा केवढा कारभार मोडीत लिहिला गेला! आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पणजोबांची मोडी पत्रे आजही असतील. कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा मात्र दुर्मिळ. मोडी अपरिचित होण्यास एक-दोन पिढ्या लागल्या. संगणकावरील लिखाणाच्या बाबतीत तेवढा अवकाश मिळत नाही. दहा वर्षांत फाँट जातो, पंधरा वर्षांत यंत्र जाते.

आपले वाङ्मय टिकले ते मुख्यतः नकला करणाऱ्यांमुळे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. तेव्हा मिळवून पाहण्यास निरनिराळ्या प्रती होत्या, म्हणूनच ते कार्य शक्य झाले. एकच प्रत असती, तर शुद्ध कशाच्या आधारे करावयाचे? सुरतेच्या वाचकांना तर हा धडा वेगळा सांगावयास नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला आणि शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. तळमजल्यावरच्या घरांत कागदी वह्या आणि संगणक यांचे नशीब एकच ठरले. यास्तव दुसरी प्रत शेजारच्या कपाटात ठेवून भागत नाही. ती दुसऱ्या गावी, लेकीच्या किंवा भावाच्या घरी असावी. आणि जे खरोखरच अमोल आहे, ते चांगल्या कागदावर छापूनही ठेवावे. कागद उघडावयास बॅटरी लागत नाही.

मजकूर सुरक्षित झाल्यावर यंत्राचा निर्णय निवांतपणे घ्यावा. लिनक्स बसवून ते मुलांच्या टंकलेखनाच्या सरावासाठी वापरता येईल. नकोच असेल तर डिस्क काढून घेऊन उरलेले यंत्र अधिकृत ई-कचरा संकलनाकडे द्यावे. १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. डिस्कसकट यंत्र भंगारवाल्यास देणे म्हणजे घराची कागदपत्रे रस्त्यावर ठेवणे होय.

दिवाळीपूर्वी घर झाडताना माळ्यावरचे यंत्र खाली येतेच. या वर्षी ते दाराबाहेर जाण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्यासाठी काढावी, एक बॅटरी आणि एक पेन ड्राइव्ह आणून ठेवावा, आणि घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : 'यात तुमचे काही लिहिलेले आहे का?' वहिनींच्या घरच्या त्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत. त्यांपैकी एक प्रत धुळ्यास, त्यांच्या नणंदेकडे पोहोचली आहे.